झारा

रात्रीतून तळं स्वतःला शिवून घेतं.
हिल्काला हे ठाऊक आहे,
म्हणून कॉफीच्याही आधी ती पहार उचलते.

कुओपिओच्या उत्तरेला जानेवारीत
नऊ वाजले तरी उजाडायचं नाव नसतं.
कपाळाला दिवा, पायांत लोकरीचे मोजे,
धक्क्यापर्यंत एकशे बारा पावलं.
तिथे बर्फात एक भोक, स्वयंपाकाच्या टेबलाएवढं.
शेजारचा ईरो डिसेंबरात करवतीनं कापून देतो.
पूर्वी राखायचाही तोच,
आता त्याचे गुडघे नाही म्हणतात.

रात्रीची बोटभर जाड साय ती ठोकते, फोडते,
आणि शाळेच्या भटारखान्यातला जुना झारा घेऊन
तुकडे उपसून काढते,
जसा एकतीस वर्षं काढला
तीनशे पोरांच्या सूपावरचा फेस.

एवढी शिस्त आणली कुठून, विचारलं
तर ती नाक पुसते. शिस्त?
वेइक्को गेला त्या वर्षी
ती दुपारपर्यंत लोळत असायची,
टीव्हीवर कुणी कढया विकत असे, ते बघायची,
उभ्याउभ्याच डब्यातून मासे खायची.
नव्या वर्षाला यादी केली होती, नाही असं नाही:
व्यायाम, पालेभाज्या, साखर बंद,
दहाला झोप, इटालियन भाषा.
यादी फ्रिजला चिकटली
आणि फ्रिज यादीसकट
उघडत मिटत राहिला.

मग एका रात्री, का कोण जाणे,
तिनं मोजे दाराशी ठेवले.
एवढंच.
सकाळी ते घालावेच लागले,
कारण दाराशी ठेवलेले मोजे
फिरायला न्या म्हणणाऱ्या कुत्र्यासारखे बघतात.
त्या दिवशी धक्क्यापर्यंत गेली, परत आली.
पाण्याला बोटही लावलं नाही.
असे अकरा दिवस.
बाराव्या दिवशी घोटे.
फेब्रुवारीच्या शेवटी गळ्यापर्यंत,
आणि तोंडातून निघाली एक शिवी,
वेइक्कोची,
लॉरी चिखलात रुतली की तो द्यायचा ती.
कितीतरी महिन्यांनी घरात त्याचा आवाज आला
असं वाटलं तिला, आणि ती पाण्यातच हसली.

लोक म्हणतात, अंगवळणी पडतं हळूहळू.
खोटं आहे.
अंग कधीच वळत नाही.
पहिल्या पायरीवर ते आजही नको म्हणतं, रोज, तितक्याच जोरात.
वळतात ते पाय, दाराकडे,
अंगाला न विचारता.

पाण्यात तीस श्वास, मोजून.
मग घरी राईची भाकरी, लोणी, काकडी,
ताटात, बसून.
बसून खायचं असं कुणी सांगितलं नव्हतं,
ते पाण्यामागून आपसूक आलं,
बदकामागून बदक यावं तसं.
त्यामागून झोप आली.
आणि रविवारी तुर्कूहून योउनीचा फोन यायच्या आत
हीच त्याला फोन करू लागली.
(इटालियन अजून आलेलं नाही.)

गेल्या वर्षी तापानं धरलं. नऊ दिवस अंथरूण.
दहाव्या दिवशी गेली, तर भोकाच्या जागी
वीतभर बर्फ,
वर कोल्ह्याची पावलं, सरळ रेषेत,
जणू तिथे कधी काही नव्हतंच.
ती पहारीवर रेलून उभी राहिली.
झालं, मोडलं सगळं, असं मनात आलं.
फ्रिजवरची ती यादीही आली, कोपरा दुमडलेली.

दंडांत जोर नव्हता.
अर्ध्या तासात फुटली फक्त बशीएवढी जागा.
खाली काळं पाणी, जागच्या जागी,
रुसलेलं नाही, काही नाही.
हिल्का गुडघ्यांवर बसली,
उजव्या हाताचा मोजा काढला
आणि मनगटापर्यंत हात आत घातला.
तीस श्वास.
झाऱ्यात मावले सगळे तुकडे,
एका खेपेत.

घरी येऊन तिनं भाकरी खाल्ली, बसून.
पायमोजे शेगडीजवळ वाळत टाकले.
रात्री ते उचलून दाराशी ठेवले
आणि दिवा मालवला.
बाहेर तळं
पुन्हा सुई-दोरा काढून बसलं होतं.