नियम एकोणीस, पेन्सिलीत

रुवीतल्या हमरियात, टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर
गुरुवारी रात्री नऊनंतर आम्ही एक देश चालवतो.
त्याला नाव नाही अजून. चारदा ठेवलं, चारदा खोडलं.
नकाशा मात्र आहे: एसीचं खोकं उलगडून
त्याच्या पुठ्ठ्यावर हेमलता तांडेलने काढलेला.
किनारा तिने न बघता ओढला, एका दमात.
डोंगर खिडकीतून बघून घेतले,
बोडके, भाजलेल्या खेकड्याच्या पाठीसारखे.

मी सूत्रधार. दिवसा सिमेंटच्या गोण्या मोजतो.
वही गोदामातलीच, लाल कापडी पाठीची,
सुलटी धरली तर आवक-जावक, उलटी धरली तर कायदे.
मूळ कायदा एवढाच:
तुला काय येतं, कशाची भीती, कुणाचं देणं लागतोस,
आणि दोन फासे.
बाकी सगळं वाढत्या अंगाचं शिवायचं.

तुस्कानो पहिल्याच रात्री म्हणाला,
"तलवार नको. मला भिंती वाचता येतात."
म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
लिहिलं: भिंती वाचणे, तीन.
दोन महिन्यांनी एका जकात नाक्याच्या भिंतीवर
त्याने हात ठेवला, दहाचं दान पडलं,
आणि मला भिंतीच्या तोंडून बोलावं लागलं:
इथे ज्यांनी ज्यांनी आपली नावं जमा केली
त्यातल्या कुणालाही पावती मिळालेली नाही.

फ्रिज घरघरत होता.
मग हेमलता म्हणाली, चला, पावत्या शोधू.
त्या रात्रीसाठी मी एक राक्षस करून आणला होता,
सात डोक्यांचा, प्रत्येक डोक्याला वेगळा स्वभाव.
तो अजून वहीत बसून आहे,
कुणी त्याच्या वाटेलाच गेलं नाही.

मोडेन पण वाकणार नाही, हे घरी शिकलो होतो.
इथे नियम वाकतात म्हणून खेळ टिकतो.
नियम सात: रात्रीत एकदा दान फिरवून घेता येतं.
अकरा: चहा आणणाऱ्याला एक दान जास्त.
बारा: अकरा रद्द. तेरा: बारा रद्द.
हे सगळं दिलावर पारकरचं. चहा तोच आणायचा,
खालच्या मल्याळी हॉटेलातून, पिशवीत बांधून.

दिलावर हर्णैचा, क्रेनवर होता.
त्याचा माणूस नाखवा. येतं: वारा ओळखणे, चार.
भीती: विहिरीची.
देणं: हा रकाना त्याने कोराच ठेवला,
म्हणाला, नंतर भरतो.

एप्रिलात कंपनीने सत्तावीस जणांना घरी पाठवलं.
नाखव्याचं काय करायचं?
वादळात मारू, इज्जतीने, तुस्कानो म्हणाला.
खबरदार, हेमलता म्हणाली.
तेव्हा एकोणिसावा झाला:
नजरेआड पडलेलं दान खरं मानायचं.

आता तो फोनवरून खेळतो. तिकडे साडेदहा, घर झोपलेलं.
फासे फरशीवर टाकतो, टकटक ऐकू येते, आकडा सांगतो.
नऊ म्हणाला की नऊ.
मध्येच त्याच्या मुलीचा खोकला येतो,
तो उठून जातो, आम्ही थांबतो,
देश थांबतो.

परवा आमचं जहाज धक्क्यावरून सुटत होतं.
पावत्या सापडल्या होत्या,
पलीकडच्या बेटावर नावं परत मिळणार होती.
नाखवा दोरखंड सोडायला खाली उतरलेला.
उडी मारायला पाच पुरे होते.
टाक, मी म्हटलं.

फरशी वाजली नाही.
"दोन," तो म्हणाला.

तुस्कानोने माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे.
"दिलावर, सातव्याने फिरवून घेतोस का?"
"नको. दोनच पडले. तुम्ही निघा, वारा चांगलाय."

लिहिलं: नाखवा धक्क्यावर राहिला.
देण्याच्या रकान्यापाशी पेन्सिल नेली
आणि तशीच परत आणली.
फोन चालूच होता.
पुढचं दान हेमलताचं.