टेप क्रमांक एकोणीस, बाजू ब

मैकोनाला सभा भरली तेव्हा खुर्च्या सातच होत्या.
पाच आयुक्तांना, एक मुख्याध्यापकांना,
एक माझ्या टेपरेकॉर्डरला.
बाकी गाव वाळूवर.
चाल्बीच्या वाळवंटावरून दुपारचा वारा सुटलेला,
म्हणून मी माइकला लोकरी मोजा चढवला,
नैरोबीहून निघताना आईनं बळेच दिलेला.

नियम सोपा होता. कुणीही बोलावं.
आधी नाव सांगायचं, मग म्हणणं.
म्हणणं सांगताना कुणी अडखळलं नाही,
नाव सांगताना मात्र पुष्कळजण मागे वळून बघत.
एका पोरानं विचारलं, घटनेत फुटबॉलचं मैदान येतं का.
एक म्हातारा म्हणाला, आधीची लिहिली तेव्हा आम्ही कुठे होतो?
आणि उत्तराची वाट न बघता खाली बसला,
ते त्याला पाठच असावं.

मग तलासो एलेमा उठली.
हातात उंटाच्या गळ्यातली लाकडी घंटा,
कशाला आणली होती कोण जाणे.
अकरा मिनिटं बोलली.
दुभाषा इसाको आधी वाक्यावाक्याला तिला थांबवायचा,
मग थांबवेनासा झाला,
मग मान खाली घालून नुसता ऐकत राहिला.
"काय म्हणाल्या?" आयुक्तांनी घड्याळ बघत विचारलं.
तो म्हणाला, "पाण्याबद्दल."

चौथ्या मजल्यावर, कानाला हेडफोन लावून
मी टेप कागदावर उतरवल्या.
एकही शब्द गाळायचा नाही अशी ताकीद होती,
आणि मी गाळला नाही:

    वक्ता सत्तावीस. तलासो एलेमा, मैकोना.
    (ऐकू येत नाही. वारा.)
    (घंटा.)
    (ऐकू येत नाही.)
    पाण्याबद्दल.

हे खंड आता वाचनालयात आहेत.
कुणीही जावं, मागावं, चाळावं,
सही सुद्धा लागत नाही.
आम्ही काही लपवलं नाही, हे मी शपथेवर सांगेन.
एका बाईचं बोलणं तेवढं वाऱ्यावर सोडलं,
तेही सगळ्यांसमक्ष.

मसुदा छापून आला. फुकट वाटायचा होता.
गठ्ठे ट्रकमध्ये टाकून आम्ही पुन्हा तिकडे गेलो.
तिनं मला बसायला कातडं दिलं,
उंटिणीच्या दुधाचा चहा दिला, धुराच्या वासाचा,
मग पुस्तक उलटसुलट करून म्हणाली,
माझं कुठे आहे? बोट ठेव.

मी बोट ठेवलं.
प्रत्येक व्यक्तीस स्वच्छ व पुरेशा पाण्याचा हक्क आहे.
वाचताना माझा आवाज जरा चढला, खोटं कशाला बोलू,
वाटलं, बघ, पोचलीस.

इसाकोनं सांगितलं. तिनं ऐकलं.
कपातला गाळ वाळूवर ओतला.
"चांगलं आहे," म्हणाली, "पण हे दुसऱ्या कुणाचं.
मी मागत नव्हते काही.
मी सांगत होते, विहिरीवर माणूस आला
की आधी पाणी द्यायचं,
त्याच्या जनावरांना द्यायचं,
नाव, कूळ, कुठून आलास, ते मग.
तुमच्या सभेत आधी नाव विचारलं.
म्हणून उभी राहिले."

इसाको माझ्याकडे बघेना.
अकरा मिनिटांत आणखी काय होतं, मी विचारलं.
तो म्हणाला, विहिरींची नावं. खणणाऱ्यांची.
मेलेल्यांची बरीच.

मी पिशवीतून हरकतीचा अर्ज काढला,
तीन प्रतींत, कार्बन घालून.
पहिला रकाना: नाव.
पेन तिथे टेकलं आणि तसंच राहिलं.
तेवढ्यात लक्षात आलं, चहा संपत आला तरी
माझं नाव तिनं अजून विचारलेलं नाही.

पहिला रकाना सोडून मी दुसऱ्यापासून सुरुवात केली.
वाऱ्यानं कागद उडायला लागला
तशी तिनं घंटा त्यावर ठेवली
आणि म्हणाली, हं, लिही. सावकाश सांगते.

हरकतीची मुदत तीस दिवस.
बावीस उरले होते.