आधी कंदील

पद्मल विचारते, काय खाल्लंत तिकडं लिमात?
भात. तळलेली केळी. नऊ दिवस.
आणि डोक्यावर राखाडी आभाळ,
त्याला तिथले लोक गाढवाचं पोट म्हणतात.
लोंबतं, पण पडत नाही.
छत्री फक्त माझ्याकडंच.

राजापुरी हळदीचे नमुने घेऊन गेलेला मी,
सांगलीच्या मार्केट यार्डातला भूपाल चौगुले,
कंदमुळं वर्ज्य असलेल्या घरातला,
आणि गाव सगळं बटाट्याचं:
जांभळा, काळा, पिळदार, करंगळीएवढा.
बाजारातली बाई एकेक उचलून नाव सांगत होती
जशी आपण भावकीतली पोरं ओळखून दाखवतो.
मी मान हलवत राहिलो.
तिच्याच पाटीत कडेला पिवळी पूड.
बोटानं जिभेवर ठेवली. हळदच.
तिनं भलतंच नाव सांगितलं.
मी वाद घातला नाही.

समुद्राच्या कड्यावर काचेचे मनोरे,
जुन्या चौकात लाकडी सज्जे, जाळीबंद,
आतून अजून कुणी बघत असल्यासारखे.
दुभाषा पोरगा, विल्मर, म्हणाला,
हे सगळं स्पेनवाल्यांनी आखलं, पट्टी ठेवून.
जरा वेळानं म्हणाला, विटा आमच्यांनी वाहिल्या.
मला आपला आयर्विन पूल आठवला.
साहेबाचं नाव रोज तोंडात येतं,
दगड घडवणाऱ्याचं कुणाला ठाऊक?

मग मठाखाली नेलं त्यानं.
तळघरात गोल विहीर.
विहिरीत हाडं, फेर धरून रचलेली,
मधे कवट्या, भोवती मांड्यांची हाडं,
पिवळट, लांबट,
शिजवून, वाळवून, पॉलिश मारून आणल्यासारखी.
मी धंद्यातला माणूस, आधी प्रतच बघितली.
मग लाज वाटली.

हरिपूरला पेवात माणूस उतरायच्या आधी
दोरीनं कंदील सोडायचे.
विझला, तर थांबायचं. तोंड उघडं ठेवून
आणखी एक दिवस.
वडील ओणवे होऊन ज्योतीकडं बघायचे,
भाव विसरून, हमालांच्या शिव्या विसरून.
दोन हजार पाचच्या पुरात पेवं खचली.
आता कोल्ड स्टोरेज, पावती, बारकोड.

ऑर्डर मिळाली गं, दोन टनांची.
पण त्या विहिरीवर ट्यूबलाइट होती, कंदील नव्हता.
माणसं येत, फोटो काढत, पुढं सरकत.
विल्मर म्हणाला, चला, उशीर होतोय.
मी कठडा धरून म्हटलं, जरा थांब,
खाली हवा आहे का बघतोय.