तांबड्यासाठी निळा

शेवटची फेरीबोट सारमानसच्या धक्क्याला बांधली
की निवाऱ्याच्या बाकावर मी लॅपटॉप उघडतो.
कायतान म्हणतो, परत तुझी ती अक्षरं?
खेळात चित्र एकही नाही.
पाणी म्हणजे पाणी असं लिहिलेलं,
वादळ म्हणजे तीन ओळी,
आणि मी, सगुण घाडी, दिवसा दोर टाकणारा,
रात्री तिथला कप्तान.

एकोणीस वर्षांचा होतो. पणजीत डॉक्टरांनी
ठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं.
सगळ्यांना आठ दिसतो तिथे मला तीन दिसला.
तीन, म्हणालो, अगदी ठासून.
त्यांनी पान उलटलं, आणखी एक, मग पुस्तक मिटलं.
बार्जच्या सुकाणूला हात लावायचा
तर डावा दिवा तांबडा, उजवा हिरवा
हे अंधारात कळायला हवं.
मला दोन दिवे कळतात.

खाणी जोरात होत्या तेव्हा पिळगावच्या रस्त्याला
झाडंच्या झाडं धुळीने माखायची.
हिरवं सगळं तांबडं झालं, लोक हळहळायचे.
मीही मान हलवायचो.

खेळात मात्र दिव्याचा रंग अक्षरांत येतो.
'समोर गलबत. त्याच्या डाव्या अंगाला लाल दिवा.'
ल, ल ला काना, ल:
नाही, चुकलो, ला आधी, मग ल.
एवढं मला वाचता येतं.
फक्त ओळी झरझर वर पळतात,
लढाईत तर ओहोटीच्या खेकड्यांसारख्या,
म्हणून नियम लिहिला:
ओळीत लाल आला की ती ओळ निळी कर,
ठळक, खाली रेघ.
निळा मला दिसतो.
निळ्याने मला कधी नापास केलं नाही.

पहिल्याच रात्री गुलाल पेटला.
मग दलाल पेटला, बंदरावरचा, मीठ विकणारा.
मागेपुढे रिकामी जागा हवी, नियमाला बजावलं.
गुलाल विझला, पण लालसर निसटला.
आणि तांबडा तर मी मुळात लिहिलाच नव्हता.
घरी रोहिणीला विचारलं,
लाल अजून कशाकशाला म्हणतात गं?
ती भेंडी चिरत होती.
तांबूस, म्हणाली, शेंदरी, गुंजेसारखा,
कोकमाच्या आगळासारखा.
आगळ? तो तर काळा.
तिची सुरी थांबली.
बारा वर्षं तिच्या हातची सोलकढी पितोय मी.

मग हाव सुटली.
नुसता रंग कशाला?
लाल आला की सुकाणूही आपोआप उजवीकडे वळव,
तेही लिहून टाकलं.
दोन रात्री कप्तानाने बिनघोर झोपा काढल्या.
तिसऱ्या रात्री, मधेच, गप्पांच्या ओळीत
बगळा नावाचा कुणी, कुठला कोण जाणे, लिहून गेला:
'पोरीने आज लाल फ्रॉक घातलाय, काढायलाच तयार नाही.'
ओळ निळी झाली
आणि माझं जहाज भर वाऱ्यात उजवीकडे वळून
वाळूच्या पट्टीवर चढलं.
बासष्ट पोती मीठ गेलं.
मी बगळ्याला लिहिलं, फ्रॉक छान दिसत असणार.

वळायचा नियम आता काढून टाकलाय.
रंग तेवढा ठेवलाय.

डिसेंबरात पहाटेच्या पहिल्या फेरीला धुकं असतं.
पुढे दोर घेऊन मी, वर सुकाणूवर कायतान.
वळणावर दिवा उगवतो, नुसता दिवा,
त्याच्याखाली काही लिहिलेलं नाही.
मी उगाच थांबतो, ओळ येईल म्हणून.
'तांबडो रे, सगुण!'
कायतान वरून ओरडतो.
मला सांगून त्याचं काही अडत नाही,
पण रोज सांगतो.

तांबडो. शेवटी ओकार.
हा अजून माझ्या यादीत नाही.