शेरा

खासगीवाले परवा गजकाच्या पिशवीतून
त्रेचाळीस कविता देऊन गेले.
नावं काढलीत, म्हणाले, फक्त क्रमांक आहेत.
सोबत तक्ता : भाव दहा, भाषा दहा, मांडणी दहा,
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
'तुम्ही एजी ऑफिसात होता, तुम्हाला जमेल.'

जमेल.
चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या,
गुना जिल्ह्यातल्या पुलांचं सिमेंट
कागदावर किती आणि नदीवर किती.
कुणाला कधी 'छान' लिहिलं नाही.
आमच्याकडे तसा शेराच नव्हता.
सगळं बरोबर असेल तर हिरव्या पेन्सिलीची
एक बारीक टिक,
आणि पुढचं पान.

दौलतगंजात धुकं उंबऱ्यापर्यंत आलंय.
सिगडी पायाशी, गोधडी गुडघ्यांवर.
क्रमांक एक : आई, तुझी माया, तुझी छाया.
क्रमांक दोन : आई.
क्रमांक तीन : किल्ल्यावर चंद्र, आणि खाली आई.
चौथ्यात चंद्र एकटाच होता,
मी त्याला अर्धा गुण जास्त दिला
आणि लाजून खोडला.

गेल्या वर्षीच्या परीक्षकांनी
सगळ्यांनाच 'अप्रतिम' लिहिलं होतं.
कर्पेबाईंनी तो कागद लॅमिनेट करून घेतला,
अजून फ्रिजवर आहे, वीजबिलाशेजारी.
मी हसले होते तेव्हा.
आता एकोणिसाव्या कवितेखाली
'पाचव्या ओळीत तुम्ही खरं बोललात, मग घाबरलात'
असं लिहून बसले आहे
आणि ते फ्रिजवर कसं दिसेल ते बघते आहे.

बारावीत एक ओळ :
'आज ऊन निघालंच नाही.'
भाषा, दहापैकी?
पुण्याच्या जाऊबाई असत्या तर चारच देत्या.
ऊन पडतं, म्हणाल्या असत्या, निघत नाही.
असेल. त्यांच्याकडे पडत असेल,
वरून, आयतं, अंगणात.
इथं जानेवारीत ते निघतं,
कुठल्या तरी घरातून, मफलर गुंडाळून,
वाटेत दोनदा परत फिरून,
आणि अकराला गच्चीवर पोचतं तेव्हा
आम्ही सतरंजी सरकवून त्याला जागा देतो.
मी स्वतः सकाळी दूधवाल्याला विचारलं,
निघेल का हो आज?
आठ दिले. मग माझाच हात धरून नऊ.

सव्वीस नंबर, बॉलपेननं,
ओळी रेघेवरून घसरलेल्या.
'बाबांनी घड्याळ दहा मिनीटं पुढं ठेवलं होतं.
ते गेले तरी आम्ही सगळीकडे
दहा मिनीटं आधी पोचतो
आणि थांबून राहतो.'
बस, एवढंच. खाली तारीख.

मिनिटं शब्दात नी दीर्घ, दोन वेळा.
मांडणी म्हणावी तर नाही.
मी बेरीज करायला घेतली आणि
सिगडीतली राख खालीवर करत राहिले.
कविता पुन्हा वाचली, चष्मा पुसून.
कुठे जास्तीचा पैसा लागलेला नाही,
कुठे लपवलेला नाही.
रकान्यात एक बारीक टिक केली.

खासगीवाल्यांचा फोन : 'सव्वीसला शेरा नाही?'
आहे, म्हटलं.
'अहो, ती नुसती टिक आहे. लोकांना दोन शब्द लागतात.'
मी म्हटलं, माझ्याकडे एवढंच आहे,
आणि हे मी फार कमी जणांना दिलंय.
ते बरं म्हणाले, म्हणजे नाही.

बेरजा तिघा परीक्षकांच्या. पहिली आली
किल्ल्यावरची आई.

बक्षीस समारंभ पाचचा होता.
मी पावणेपाचलाच गेले, काही काम नव्हतं.
सतरंज्या अजून गुंडाळलेल्या, माइकवाला चहाला.
तिसऱ्या रांगेत एक मुलगी
हात बाहीत ओढून बसलेली,
कुणाची वाट बघत नसल्यासारखी.
विचारावंसं वाटलं.
पण नावं काढलेली होती, नियम तो नियम,
आणि पंचवीस-तीस माणसं लवकर येऊ शकतात
कितीतरी कारणांनी.
मी तिच्या शेजारची खुर्ची
आवाज न करता उघडली.
ती म्हणाली, काकू, अजून वेळ आहे.
हो, म्हटलं. बसू की.