उरलेला स्क्रू

तिसऱ्याच दिवशी परत आल्या डोन्या एउस्तोलिया.
गाडी फाटकातच उभी, इंजिन चालू,
मागच्या सीटवर भाऊ, गुमेर्सिंदो, डोळे मिटून.
"नासारियो, गार होतं रे," म्हणाल्या,
"पण मला लागत नाही."

एर्मोसियोतला जुलै. सकाळचे नऊ,
आणि पारा चाळिसाच्या पुढे.
रात्री ढग आले होते,
नुसती दमट हवा ठेवून गेले.
माझं कुत्रं सावली सरकेल तेवढंच सरकतं.

मी आधी त्यांच्यावरच शंका घेतली,
बटण नीट फिरवलंत ना?
मग पंखा एकवर, दोनवर, चारवर.
आवाज भरपूर,
जसं आतल्या खोलीत कुणी तावातावानं बोलतंय
आणि ओसरीवर शब्द पोचत नाही.
पावतीची पट्टी फाडून जाळीपुढे धरली.
लोंबत राहिली.
पायांपाशी हात नेला. काही नाही.
तळवा वर, काचेच्या मुळाशी नेला
तर तिथे हिवाळा.
बाहेरून, या उन्हात,
काचेच्या खालच्या कडेला दव धरलेलं.

या जुन्या फोर्डमध्ये वाऱ्याची दारं
विजेवर नाही, ओढीवर उघडतात.
इंजिन श्वास आत घेतं,
त्या श्वासाची एक काळी नळी, शेवयीएवढी,
डॅशबोर्डमागून दारांपर्यंत जाते.
ओढ तुटली की स्प्रिंग दारं मिटते,
सगळा वारा काचेकडे.
कुठल्यातरी टेबलाशी बसून कुणीतरी हे ठरवलं असणार:
बाकी काहीही बिघडो,
माणूस घामानं निथळो,
समोरचा रस्ता दिसला पाहिजे.

मागच्या आठवड्यात हीटर बदलताना
हा अख्खा डॅशबोर्ड मी मांडीवर घेतला होता.
सगळं लावून झालं आणि एक स्क्रू उरला.
आखूड, पितळी, डोक्याला चिखल.
कंपनीवाले दोन जास्तच लावतात, असं म्हणालो,
मोठ्यानं म्हणालो,
दुकानात दुसरं कुणी नसताना.
आणि खिशात टाकला.

हातमोज्यांचा कप्पा काढला, कान आत घातला.
फुस्स्. बारीक, न थांबणारं.
एक पत्रा सैल होऊन नळीवर बसला होता,
तिच्या कडेनं नळी चिरलेली.
पत्र्याला दोन भोकं. स्क्रू एकच.

डोन्या एउस्तोलिया मागे उभ्या होत्या.
"सापडलं?" त्यांनी विचारलं.
मी तोंडात बॅटरी धरली होती,
म्हणून लगेच उत्तर द्यावं लागलं नाही.
बॅटरी काढल्यावरही
थोडा वेळ ती तोंडात असल्यासारखा गप्प राहिलो.
मग खिशातून स्क्रू काढून तळव्यावर ठेवला.
त्यांनी तो पाहिला, मला पाहिलं.
तीस वर्षं नर्स होत्या त्या.
"आमच्याकडे," म्हणाल्या,
"पोट शिवण्याआधी मोजायचे."

नळीचा चिरलेला तुकडा कापला, नवा जोडला,
पत्रा बसवला, स्क्रू त्याच्या घरी.
इंजिनानं श्वास घेतला,
आत कुठेतरी एक छोटं दार टप्प वाजलं
आणि पावतीची पट्टी उडाली, त्यांच्या पदरात पडली
असं म्हणणार होतो. पदर कुठला, स्कर्टवर.

पैसे मी मागितले नाहीत, त्यांनी दिले नाहीत.
गुळाच्या सारणाच्या दोन कोयोता
कागदात गुंडाळून बॉनेटवर ठेवल्या.
ते मला जास्त लागलं.

त्या निघताना मागच्या सीटवरून आवाज आला,
आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारा,
रक्तासकट गार पडून परतणारा आवाज:
"तोलिया, थंडी वाजतेय गं. ते वाऱ्याचं तोंड
दुसरीकडे कर की."

त्यांनी सगळ्या जाळ्या
एकेक करून स्वतःकडे वळवल्या,
आणि उसासा सोडला,
चारवर ठेवलेल्या पंख्याहून मोठा.

संध्याकाळी दुसरी गाडी खोलली.
काढलेला प्रत्येक स्क्रू
अंड्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्यात, खळग्याखळग्यात ठेवला.
तरीही हात मधूनमधून खिशात जातो.