घासाघीस

डॉक्टर मिस्किटा म्हणाले, रोज अर्धा तास.
मी म्हटलं, नाही जमायचं.
मग वीस मिनिटं?
मी नुसती हसले.
पहाटे पाचला पाणी, सहाला डबे,
साडेसातला भांडुपचं सेंटर उघडायचं,
किल्ली माझ्याकडे असते.

दिवसाला अकरा जणांच्या छातीवर
दहा-दहा चकत्या चिकटवते मी,
पट्टा सुरू करते, चढ वाढवते,
"अजून थोडं, काका, सोडू नका" म्हणते,
आणि स्वतः
स्टुलावर बसून असते संध्याकाळपर्यंत.

दहा?
डॉक्टर, दहा मिनिटांत माझी कणीक मळून
चार पोळ्या होतात.
त्यांनी चष्मा काढला, पुसला.
म्हणाले, घरतबाई, शेवटचा भाव.
वीस सेकंद, तीन वेळा. आठवड्यातून तीन दिवस.
मध्ये दोन-दोन मिनिटं दम खायचा.
पण त्या वीस सेकंदांत
मागे कुत्रं लागल्यासारखं पळायचं.
याच्या खाली मी येत नाही.

म्हणजे सगळं मिळून एक मिनिट!
मला वाटलं, फसवलं मी माणसाला.
सरंग्याच्या भावात पापलेट घेऊन
विक्रोळीला उतरल्यासारखी
मान ताठ करून घरी आले.

आमच्या टॉवरचा जिना कुणी वापरत नाही.
लिफ्ट आल्यापासून तिथे राहायला आहेत
एक विनाचाकाची सायकल,
रिकामी कुंडी,
गुंडाळलेले मागच्या निवडणुकीचे बॅनर
आणि पहिल्या मजल्यावर एक लठ्ठ बोका,
ज्याच्यावरून मी उडी मारली
त्या बुधवारी.

सातव्या सेकंदाला कळलं
कुणी कुणाला फसवलं ते.

वीस सेकंद म्हणजे आमच्या मशीनचा
पन्नास सेंटिमीटर कागद.
रोज टरकन फाडून देते.
गार्गी जन्मली तेव्हा तेवढीच होती, पन्नास सेंटिमीटर,
आणि रडायला तिनं साधारण तेवढाच वेळ घेतला होता.
नंतर एकदा सेंटरवर
पट्ट्यावरच्या एका गृहस्थाची रेघ सपाट झाली,
वायर सुटलीय की माणूस
हे बघेपर्यंत.
(वायर होती.)
एवढे दोन सोडले तर
वीस सेकंदांशी माझी ओळख नव्हती.

तीन मजले. तिथे संपतात ते.
पहिल्यांदा कठडा धरून उभी राहिले,
जीभ चामड्याची, पोटऱ्यांत निखारे.
हळू उतरले. दम खाल्ला. परत चढले.
दुसऱ्या खेपेला वायंगणकरांनी दार उघडलं.
काय झालं? आग लागली?
तोंडातून शब्द फुटेना.
मी एक बोट वर केलं,
म्हणजे, अजून एक राहिलाय.
त्यांना वाटलं, वर कुणी गेलं.
बनियनवर सदरा चढवत
"कोण हो? जोगळेकरांची आई?" करत
ते निघालेसुद्धा सातव्या मजल्यावर.
जोगळेकरांच्या आईंनीच दार उघडलं म्हणे.

दीड महिन्यानं, जेवणाच्या सुट्टीत,
पारुलनं मलाच चकत्या लावल्या.
लोकांना वाटतं, ठोके किती वर गेले ते बघतात.
ते कुणाचेही जातात.
खरं बघायचं असतं
पट्टा थांबल्यावर पहिल्या मिनिटात
किती खाली येतात ते.
आधी माझे चौदा यायचे. त्या दिवशी तेवीस.
पारुलनं कागद दोनदा मोजला.
डॉक्टरांना दाखवला तर म्हणाले, हं,
आणि पुढचा पेशंट बोलावला.

त्याच संध्याकाळी गार्गी दार आपटून खोलीत गेली,
फोनवरून, नेहमीचंच.
मी ओट्यापाशी उभी होते.
चढलं होतं सगळं, कानापर्यंत.
आणि मग, माझं मलाच नवल वाटलं,
भात निवळायच्या आत
उतरलं.

वायंगणकर आता बुधवारी
दाराशी बूट घालून उभे असतात.
बायपासला नऊ वर्षं झालीत त्यांच्या.
काल हळूच विचारत होते,
घरतबाई, दहा सेकंदांत
नाही का बसणार?
म्हटलं, आधी सेंटरला या.
सदरा काढा, चकत्या लावते.
मग बोलू भावाचं.